खाटेशेजारचा जबाब

3 नोव्हेंबर 2023 रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटाने अकरा कामगारांचा बळी घेतला, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष इकडे वळले. परंतु पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून पाळीवर येणाऱ्या एखाद्याचा अंगठा यंत्रात गेला, तर त्याची वार्ता होत नाही, आणि विमा कंपनीचा तपासनीस जखम सुकण्यापूर्वीच कागद घेऊन खाटेशेजारी येऊन बसतो. हा इसम सौजन्यशील असेल, त्याच्याशी वैर धरण्याचेही कारण नाही. मात्र विमा मालकाने आपल्या दायित्वापुरता उतरविलेला असून तपासनीस कंपनीच्या वतीने आला आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

यंत्रावरची संरक्षक जाळी कोणी काढली, हा त्याचा प्रश्न साधी विचारपूस नव्हे. शेजारच्या गोरेगावात जन्मलेले ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी असताना झालेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने निव्वळ अनवधानाबद्दल हक्क हिरावला नाही. पण संरक्षक साधन बुद्ध्या दूर केले, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला अथवा कामगार नशेत होता असे सिद्ध झाले, तर मृत्यू व कायमचे पूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारता येते. म्हणून ‘चूक माझीच’ असे संकोचाने बोलून जाणाऱ्या आपल्या माणसाने, जाळी आधीपासूनच निघालेली होती आणि मुकादमाने तशीच पाळी चालवायला सांगितले होते, ही हकीकत असेल तर तीही त्याच कागदावर लिहवून घ्यावी, जबाब वाचून घेतल्यावाचून सही करू नये आणि नक्कल मागावी.

रकमेचा हिशोबही कायद्यातच आहे. तीस वर्षांच्या कामगाराची महिन्याची मजुरी 15,000 रुपये धरली, तर तिचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक 207.98, ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई. अंगठ्याबद्दल तिचे 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. खाटेवर देऊ केलेली रक्कम या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. घाईने तडजोड झालीच, तर तिची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो. महिन्याच्या आत रक्कम न भरणाऱ्या मालकावर 1923 च्या कायद्याने 12 टक्के व्याज बसविले होते.

कामगार राज्य विमा योजनेचे कार्ड असेल, तर मात्र दावा मालकावर न करता त्या महामंडळाकडे न्यावा लागतो. ठेकेदाराच्या माणसाला मूळ कारखानदाराकडेही मागता येते. परंतु आपण त्या दिवशी त्या आवारात कामावर होतो, हे त्यालाच दाखवावे लागते, म्हणून गेटपास, हजेरीचे कार्ड आणि दवाखान्याचा पहिला कागद त्याने घरच्यांच्या हवाली करून ठेवावा.