लहान मुलांचा मोतीबिंदू : माहिती चौकट

डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. तो जन्मतःही असू शकतो.

• खूण : फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल, दुसरी पांढरी, नजर न ठरणे, तिरळेपणा. पांढरी बाहुली डोळ्याच्या कर्करोगातही दिसते, म्हणून तपासणी लगेच.

• वेळ : दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण ६ आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर ८ आठवड्यांच्या आसपास. ‘पिकल्यावर काढू’ हा आजीच्या काळचा सल्ला इथे लागू नाही.

• भिंग : एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ तान्ह्या बाळांचा अमेरिकेत अभ्यास झाला. पाचव्या वर्षी कृत्रिम भिंगवाल्यांची आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांची दृष्टी सारखीच निघाली; पुन्हा शस्त्रक्रिया मात्र भिंगवाल्यांना जास्त लागल्या. त्यामुळे ७ महिन्यांखालील बाळांसाठी कॉन्टॅक्ट लेन्सकडे कल.

• नंतर : चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, नाहीतर दुसरा डोळा ‘आळशी’ होतो. मूल ती ओढून काढतेच, पुन्हा लावायची. काचबिंदूचा धोका आयुष्यभर.

• कारण : अनेकदा सापडत नाही. काहींत आनुवंशिकता, काहींत गरोदरपणातला रुबेला. हा संबंध १९४१मध्ये ऑस्ट्रेलियाचे नॉर्मन ग्रेग यांनी दाखवला.

• तपासणी : २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी मोफत होते.