पहिला पॅच

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो आणि दुरुस्त केलेला पुढे वाटता येतो. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्यातली ओळखीची नावे. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. हे काम करणारी माणसे जगभर विखुरलेली असतात आणि बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. दुरुस्ती कोकण किनाऱ्यावरच्या मांडव्याच्या घरातून आली काय किंवा बर्लिनच्या कचेरीतून आली काय, तपासणाऱ्याने फक्त कोड पाहायचा, असे तत्त्व. तरीही २०१७ साली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने केलेल्या पाहणीत उत्तरे देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष निघाले. स्त्रिया जेमतेम ३ टक्के.

मुलींना हे जमत नाही म्हणून असे झाले, हा समज २००६ सालीच खोटा ठरला होता. त्या वर्षी ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाकडे गुगलच्या ‘समर ऑफ कोड’ या विद्यार्थी योजनेसाठी १८१ अर्ज आले, एकही स्त्रीचा नव्हता. मग ग्नोमने केवळ स्त्रियांसाठी उन्हाळी योजना जाहीर केली, तर अर्ज शंभराच्या घरात गेले आणि सहा जणींची निवड झाली. २०१० पासून ही योजना नियमित झाली. पुढे इतर प्रकल्प, २०१३ साली लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेलही, तीत आले. आता ती ‘आउटरीची’ या नावाने, इतर डावलल्या गेलेल्या गटांनाही सामावून घेत चालते. तीन महिने घरबसल्या काम, सोबत मार्गदर्शक आणि ७,००० डॉलर विद्यावेतन. यातली पैशाची बाब किरकोळ नव्हे. फुकट काम करायला मोकळा वेळ लागतो, आणि तो घरातल्या मुलाला जितका मिळतो तितका मुलीला क्वचितच मिळतो.

निवडीआधी प्रकल्पात थोडे तरी काम करून दाखवावे लागते. कर्नेलमध्ये नवख्यांना ‘स्टेजिंग’ या कप्प्यातले, अजून घडी न बसलेले ड्रायव्हर दाखवतात. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवली की ती नेमके बोट ठेवते: इथे टॅबऐवजी स्पेस आहे, ही ओळ फार लांबली. बदल एका ओळीचा. पण तो का केला ते लिहायचे, खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून स्वतःचे नाव घालायचे आणि ही दुरुस्ती, म्हणजेच ‘पॅच’, साध्या मजकुराच्या ई-मेलने पाठवायची. येणारे उत्तर बहुधा शाबासकीचे नसते. एकाच पॅचमध्ये दोन बदल का? वर्णनात कारण कुठे आहे? मग दुसरी आवृत्ती, कधी तिसरी. परीक्षेत वरचे गुण मिळवायची सवय असलेल्या मुलीला चारचौघांत झालेली ही चिरफाड जिव्हारी लागते. मुरलेल्या डेव्हलपरांचे पॅचही असेच परत येतात, हे तिला तेव्हा कुणी सांगितलेले नसते.

अर्थात काही उत्तरे खरोखरच उर्मट असत. कर्नेलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ साली आपल्या तुसड्या ई-मेलबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्याच सुमारास कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली.

महाराष्ट्रात ही वाट पुण्यात अधिक रुळली. तिथे लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ मेळावा वर्षानुवर्षे भरत आला आणि कर्वेनगरात १९९१ पासून मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. किनाऱ्यावर मात्र असे काही जवळ नाही. मांडव्याहून मुंबईच्या संध्याकाळच्या मेळाव्याला जायचे तर शेवटच्या बोटीचा हिशेब आधी. पावसाळ्यात तर गेटवेच्या लाँचाच बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे, एवढाच दिलासा. त्यामुळे किनाऱ्यावरच्या मुलीचा खरा आधार म्हणजे लेखी संवाद, आणि तो बव्हंशी इंग्रजीत.

प्रोग्रामिंग न येणारीलाही कामे आहेतच. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांची मराठी रूपे भाषांतर करणाऱ्यांनीच उभी केली. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात तर गावची माहिती हीच पात्रता. जेट्टीकडून वस्तीत शिरणारी पायवाट, दवाखाना, विहीर असे काहीही खाते उघडून लगेच नोंदवता येते, आणि ठिकाणाच्या नावाला देवनागरीतल्या मराठी नावाची वेगळी जोड देता येते. नकाशाचा जुना इतिहास जपलेला असतो. नोंद चुकली तर ती मागे घेता येते.