राऊटरवरील बँडविड्थची मर्यादा आणि सेवेची गुणवत्ता : एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालये, ग्रंथालये, लहान रुग्णालये व कार्यालये यांमध्ये एकच इंटरनेट जोडणी अनेकांना एकाच वेळी वापरावी लागते. दूरस्थ व्याख्यानात वक्त्याचा आवाज तुटणे, ऑनलाइन परीक्षेत उत्तरे पाठविताना पडदा गोठणे हे अनुभव अशा ठिकाणी नित्याचे आहेत. अधिक वेगाची जोडणी घेणे हाच त्यावरील उपाय मानला जातो व त्यासाठी खर्चही केला जातो. तथापि पुष्कळदा दोष वेगाच्या कमतरतेचा नसून पॅकेटांच्या साचलेल्या रांगेचा असतो. ही रांग आटोक्यात ठेवण्यासाठी राऊटरमध्ये ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’, अर्थात सेवेची गुणवत्ता, ही सुविधा दिलेली असते. तिच्यातील बँडविड्थचा आकडा कसा ठरवावा आणि का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. बँडविड्थ आणि विलंब :
एका सेकंदात किती बिट वाहून नेता येतात याचे माप म्हणजे बँडविड्थ, तर पॅकेट पोहोचण्यास लागणारा वेळ म्हणजे विलंब. या दोन बाबी भिन्न आहेत. जी.७११ या पद्धतीने केलेल्या दूरध्वनी संभाषणात सेकंदाला साधारणतः ५० पॅकेट जातात. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट व शीर्षाचे ४० बाइट असतात, म्हणजे एकूण गरज केवळ ८० किलोबिटची असते. मात्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट असते. फाइल पाठविण्याचे काम याच्या उलट स्वरूपाचे असते. तिला काही सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही, परंतु उपलब्ध असेल तेवढी सर्व बँडविड्थ ती व्यापून टाकते.

२. रांग कोठे साचते :
संस्थेच्या अंतर्गत जाळ्याचा वेग सेकंदाला १००० मेगाबिट आणि अपलोडचा वेग १० मेगाबिट आहे असे मानू. आतून वेगाने आलेली पॅकेट अरुंद वाटेपाशी थांबतात व बहुधा मोडेमच्या बफरमध्ये साचतात. हा बफर १० लाख बाइटचा असेल, तर त्यात ८० लाख बिट मावतात. ते १० मेगाबिट वेगाने बाहेर पडण्यास ८०० मिलिसेकंद लागतात. रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या आवाजाच्या पॅकेटाला हा संपूर्ण काळ थांबावे लागते.

टी.सी.पी. नियमावलीच्या प्रचलित पद्धतींत पॅकेट गळाले की प्रेषक आपला वेग कमी करतो. बफर मोठा असल्यास पॅकेट उशिरा गळते, त्यामुळे प्रेषकाला वाट अडल्याची सूचना वेळेवर मिळत नाही आणि रांग भरलेलीच राहते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले. तो ‘बफरब्लोट’ या नावाने ओळखला जातो.

३. मर्यादेचा आकडा :
रांग मोडेममध्ये साचत असेल, तर राऊटरवर ठरविलेला प्राधान्यक्रम निष्फळ ठरतो, कारण मोडेमला तो सहसा ठाऊक नसतो. म्हणून राऊटरलाच वाटेतील सर्वांत अरुंद ठिकाण बनवावे लागते. त्यासाठी मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी ठेवावी. सामान्यतः मोजलेल्या वेगाच्या ८० ते ९५ टक्के हा आरंभासाठी योग्य पल्ला होय. १० मेगाबिट मोजले असल्यास ९ मेगाबिट लिहावे.

हा आकडा जाहिरातीतील वेगावरून घेऊ नये. तारेने जोडलेल्या संगणकावरून, गर्दीच्या वेळेसह दिवसातून अनेकदा, अपलोड व डाऊनलोड स्वतंत्रपणे मोजावेत. एककाकडेही लक्ष द्यावे. अनेक राऊटरांत आकडा किलोबिटमध्ये मागितला जातो, तेथे ९ मेगाबिटसाठी ९००० लिहावे लागतात. नुसते ९ लिहिल्यास जोडणी जवळजवळ बंद पडते.

डाऊनलोडची रांग सेवा पुरवठादाराच्या बाजूस साचते. तेथे संस्थेच्या राऊटरला काही पॅकेट गाळून प्रेषकाला अप्रत्यक्षपणेच मंद करता येते. म्हणून डाऊनलोडसाठी राखीव अंतर थोडे अधिक ठेवणे हितावह असते. मोबाइल जोडणीचा वेग सतत बदलत असल्याने तेथे स्थिर आकडा पूर्णतः समाधानकारक ठरत नाही.

४. प्राधान्य आणि न्याय्य वाटणी :
डिसेंबर १९९८ मधील आर.एफ.सी. २४७४ या दस्तऐवजाने आय.पी. शीर्षातील ६ बिट सेवेचा वर्ग दर्शविण्यासाठी निश्चित केले. त्यातून ६४ मूल्ये मिळतात. आवाजासाठी ४६ हे मूल्य रूढ आहे. मात्र कोणताही संगणक आपल्या पॅकेटांवर हे मूल्य लिहू शकतो. म्हणून राऊटरने ते तपासून आवश्यकतेनुसार बदलणे योग्य ठरते.

सर्वोच्च वर्गालाही कमाल मर्यादा हवी, अन्यथा इतर वर्गांची उपासमार होते. ९ मेगाबिटपैकी २ मेगाबिट आवाजाला, ४ परीक्षा व व्याख्यानांना आणि ३ इतर कामांना अशी वाटणी करता येईल. एखाद्या वर्गाचा न वापरलेला वाटा इतरांना उसना मिळावा अशी तरतूद ठेवावी.

वर्गवारीला पूरक अशी दुसरी पद्धतही उपलब्ध आहे. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांग-व्यवस्थापन पद्धती मांडली. रांगेतील विलंब १०० मिलिसेकंदांच्या काळात सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिला, तर ती पॅकेट गाळू लागते. तिला प्रवाहनिहाय वेगळ्या रांगांची जोड देणारी ‘एफ.क्यू.-कोडेल’ पद्धती २०१८ मध्ये आर.एफ.सी. ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. या पद्धतीत वर्गांची यादी करावी लागत नाही. तथापि रांग मोडेममध्ये साचत असेल तेथे बँडविड्थचा योग्य आकडा तिलाही द्यावाच लागतो.

५. पडताळणी आणि मर्यादा :
जोडणी रिकामी असताना ‘पिंग’ आज्ञेने विलंब मोजावा व मोठी फाइल अपलोड होत असताना तो पुन्हा मोजावा. २० मिलिसेकंदांचे ३०० होत असतील, तर मर्यादा थोडी थोडी कमी करून चाचणी परत घ्यावी. वेगवान जोडणीवर स्वस्त राऊटरचा प्रोसेसर अपुरा पडू शकतो. वाय-फायमधील रांगेवरही या मर्यादेचे नियंत्रण नसते.

ही सुविधा नवी बँडविड्थ निर्माण करीत नाही. प्रत्येकी २ मेगाबिट लागणारी १० व्याख्याने ९ मेगाबिटच्या वाटेवरून एकाच वेळी सुरळीत चालणार नाहीत. तेथे जोडणीचा वेग वाढविणेच आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
वेगाचा अल्प अंश सोडून दिल्यास विलंबावर नियंत्रण मिळते, हे या विवेचनाचे सार होय. त्यामुळे नवीन जोडणीवर खर्च करण्यापूर्वी भार असतानाचा विलंब मोजणे उचित ठरते. आकडा ठरविणे हे तांत्रिक काम असले, तरी कोणाचे पॅकेट आधी जावे व कोणाचे थांबावे हा निर्णय संस्थेच्या धोरणाचा आहे. परीक्षार्थी, शिक्षक व कार्यालय यांच्या गरजा विचारात घेऊन तो लेखी स्वरूपात घ्यावा आणि जोडणी अथवा वापर बदलताच त्याचा फेरविचार करावा.