व्याजात अडकलेला कार्यकर्ता

आमच्या वस्त्यांत 20,000 रुपयांचे कर्ज दरमहा शेकडा 5 ने सर्रास मिळते. महिन्याला 1,000 व्याज. 20 महिन्यांत 20,000 रुपये जातात, मुद्दल जागच्या जागी! हे कर्ज कशासाठी? लग्नातल्या बँडसाठी. 1956 साली धम्म स्वीकारला, लग्नाचा थाट मात्र जुनाच. मग निवडणुकीत सावकार सांगेल तो झेंडा आमचा कार्यकर्ता मुकाट्याने उचलतो.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे. चहा-तंबाखूचे रोजचे 50 रुपये वाचवले तर महिन्याला 1,500 होतात. पहिल्यापासून व्याजासह दरमहा 2,500 भरले, व्याज उरलेल्या मुद्दलावरच धरले, तर हेच कर्ज 11व्या महिन्यात फिटते. सावकार हिशेब सहसा असा धरत नाही, म्हणून प्रत्येक हप्त्याची पावती हवीच. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. सही केलेला कोरा चेक मात्र कदापि देऊ नका. तोच पुढे कलम 138 खाली कोर्टात उभा करतो. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात कर्जाच्या वह्या घेऊन बसा.