अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावर, मग भूमिहीनांचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, शासनाने राज्यातले ४० तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले होते आणि त्यांत धाराशिव, वाशी व लोहारा हे आपले तीन तालुके होते. हवामान बदल म्हणजे नेमके काय, असे कुणी विचारले तर आपल्या जिल्ह्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. एका वर्षी टँकरची वाट पाहायची आणि दुसऱ्या वर्षी सीना नदीचे पाणी घरात शिरायचे.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी आणखी १०,००० रुपये. जमीन खरडून गेली असेल तर वेगळी मदत. रक्कम पुरेशी होती का, यावर बरीच चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण यातला जवळपास प्रत्येक आकडा ‘हेक्टरी’ या शब्दापासून सुरू होतो, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

ज्याच्याकडे हेक्टर नाही, त्याचे काय? आपल्या वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे शेतमजुरीवर जगतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सोयाबीन काढणीचा हंगाम. बाया टोळी करून उक्ते काम घेतात आणि त्या वीस-पंचवीस दिवसांच्या कमाईवर दिवाळी, किराणा, मुलांची फी आणि जुनी उधारी भागते. पाण्यात सोयाबीन कुजले तेव्हा शेतकऱ्याचे पीक गेले आणि त्याच वेळी या बायांचा हंगामही गेला. पिकाचा पंचनामा झाला, हंगामाचा झाला नाही. पंचनामा करायला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात ते गट नंबर घेऊन, आणि मजुराला गट नंबर नसतो. बटईने करणाऱ्याचीही तीच गत. बियाणे-खतात त्याचा पैसा अडकलेला असतो, पण मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. आता त्यात शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली आहे आणि तोही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो.

ही मोजपट्टी आजची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूरचे किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातले सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले आणि नवी गावे वसवली गेली. त्या गावांत घराचा आकार कसा ठरला, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याहून जास्त म्हणजे सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ४०० आणि त्यावरच्यांना ७५० चौरस फूट. घरात माणसे किती होती, किती वाचली, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. भूकंपाने सगळ्यांना एका रांगेत आणून उभे केले होते. पुनर्वसनाने जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की केली. समाजशास्त्र शिकताना ‘आपत्ती सर्वांना सारखी नसते’ हे वाक्य पाठ झाले होते, त्याचा अर्थ या गावांतल्या घरांकडे पाहिल्यावर कळतो.

राज्याने याहून वेगळाही विचार केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने माणसाच्या हाताला काम देण्याचा मार्ग धरला. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे अशा दुष्काळी कामांवर ऐन भरात सुमारे ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. केंद्राने २००५ मध्ये जो कायदा केला, त्याच्या मागे हाच अनुभव होता. त्या कामांवर हाल होते, हजेरीत लबाडी होती, आपल्या आज्या ते सगळे सांगतात. पण हजेरीपटावर नाव लागायला सातबारा लागत नव्हता.

नंतर जलयुक्त शिवारसारख्या योजना आल्या आणि खोदाई मोठ्या प्रमाणावर यंत्रांनी झाली. पाणी अडले असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाण्याचा थेट फायदाही ज्याची विहीर आहे त्यालाच होतो. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलती पाहा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट. मुलांची परीक्षा फी माफ होते आणि रोहयोचे निकष शिथिल होतात, एवढाच काय तो भूमिहीनाच्या वाट्याचा भाग.

समाजानेही उत्तरे शोधली, आणि आपल्या जिल्ह्यातले एक उत्तर जगात गाजले. भूकंपानंतरच्या कामातून पुढे आलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेसोबत इथल्या बायांनी घरच्या शेतातला एकेक एकर मागून घेतला आणि त्यात कमी पाण्यावरची कडधान्ये, ज्वारी-बाजरी, भाजीपाला घेतला. पैशाच्या पिकाऐवजी आधी घरचे ताट भरायचे, असा हिशोब. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे काम मोठे आहे. मात्र नवऱ्याकडून एकर मागायला नवऱ्याकडे एकर असावा लागतो.

म्हणून आपल्यासाठी हवामान बदलाचा प्रश्न पुन्हा जमिनीपाशीच येतो. बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी गायरानाचा लढा चालवला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी केली. तरीही कित्येकांच्या नावावर जमीन झालेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसतात, पण पूर आला की त्या पिकाचा पंचनामा अडतो, कारण कागदावर ते अतिक्रमण असते. २०११ च्या जगपाल सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावसामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या, पण शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटीस आली की हा भाग दाखवायचा असतो.

जगाच्या पातळीवर गरीब देशांनी हाच मुद्दा लावून धरला होता. कर्ब सोडणारे एक आणि बुडणारे दुसरे, तर भरपाई कोण देणार? २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत ‘हानी आणि नुकसान’ निधी मान्य झाला आणि २०२३ मध्ये दुबईत त्याला सुरुवात झाली. भारतही तिथे न्यायाची भाषा बोलतो. तीच भाषा तहसीलपर्यंत यावी, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायची गरज नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांतच एक तरतूद आहे. आपत्तीमुळे ज्या कुटुंबाची उपजीविका गंभीररीत्या बाधित झाली, त्यातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या मजुरीदराने काही दिवस मदत देता येते. शेळी दगावली तर ४,००० रुपयांची तरतूद आहे, भांडी-कपडे वाहून गेले तर त्यासाठीही आहे. पण मागणी केली नाही तर पंचनाम्यात ते येत नाही, आणि उपजीविका बुडाली हे दाखवायला वस्तीकडे काही लेखी नसते.

ते लेखी आधीच तयार ठेवता येते. प्रत्येक वस्तीने पावसाळ्यापूर्वी भूमिहीन, बटईदार आणि गायरानधारक कुटुंबांची यादी करावी. कुटुंबप्रमुख, काम करणारी माणसे, हंगामात साधारण किती दिवस काम आणि कुणाच्या शेतात, शेळ्या-कोंबड्या किती, एवढे रकाने बास. ग्रामसभेत ठराव घेऊन यादी इतिवृत्तात नोंदवावी, एक प्रत तहसीलदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नावे दसऱ्याआधीच लिहून घ्यावी लागतात. नंतर ती कारखान्यावर असतात आणि पंचनामा नेमका त्याच वेळी होतो.