मान सांगते पायाचे दुखणे

पायात काटा रुतला तर तुम्ही काय करता? तो पाय अलगद टेकता, झटकन उचलता आणि 'दुखतंय' म्हणून सांगताही. घोड्याला मात्र सांगता येत नाही. मग स्वाराला घेऊन डोंगरवाटांनी शंभर मैल जाणाऱ्या घोड्याचा पाय दुखू लागला, तर ते ओळखायचे कसे?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वेंडेल रॉबी यांनी १९५५ साली अशी एक शर्यत सुरू केली. ती 'टेव्हिस कप' या नावाने प्रसिद्ध आहे. टाहो सरोवराच्या परिसरातून ऑबर्न गावापर्यंत सुमारे १६० किलोमीटर अंतर २४ तासांत कापायचे असते. वाटेत ठरावीक ठिकाणी पशुवैद्य घोड्याला थांबवतात. अशा शर्यतींत थोड्या विश्रांतीनंतर घोड्याची नाडी सामान्यतः मिनिटाला ६४ च्या आत यावी लागते. त्यानंतर होते चालीची परीक्षा. शर्यतीतून बाद होणाऱ्या घोड्यांत लंगडण्यामुळे बाद होणारेच सर्वांत जास्त असतात.

दुडकी चालच का?

या परीक्षेत घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने सरळ पळवत नेतात आणि परत आणतात. सावकाश चालताना दोन-तीन पाय जमिनीवर असल्याने भार वाटला जातो व दुखणे लपते. चौखूर धावताना चारही पायांचे काम सारखे नसते. दुडक्या चालीत मात्र पुढचा डावा व मागचा उजवा, मग पुढचा उजवा व मागचा डावा, अशा जोड्या आळीपाळीने टेकतात. दोन्ही बाजू सारख्या असल्या, तर टापांचा ताल एकसारखा पडतो. बिघाड झाला की तो ताल चुकतो.

आता मानेकडे पाहा. घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते, आणि डोके व मान मिळून शरीराच्या सुमारे दहावा हिस्सा भरते. म्हणजे ४०० किलोच्या घोड्यात जवळजवळ ४० किलो! पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा हे ओझे वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. चांगला पाय टेकताना मान खाली येते. लक्षात ठेवा : 'खाली मान, तो पाय छान.' म्हणूनच धरणाऱ्याने दोरी सैल सोडायची असते. ती आवळून धरली, तर मान हलणार कशी?

मागचा पाय दुखत असेल, तर पुठ्ठ्याकडे पाहावे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. पण इथे एक फसगत आहे. मागचा डावा पाय टेकताना घोडा भार पुढे ढकलतो, तेव्हा पुढचा उजवा पाय जमिनीवर असतो आणि मान खाली जाते. पाहणाऱ्याला वाटते, पुढचा डावाच दुखतो आहे! म्हणून जाणकार मान आणि पुठ्ठा दोन्ही पाहतात.

डोळ्यांची मर्यादा

लंगडणे अगदी सौम्य असेल, तर अनुभवी पशुवैद्यांचेही एकमत होत नाही. आता घोड्याच्या डोक्यावर व पुठ्ठ्यावर लहान संवेदक बसवून वर-खाली होणारी हालचाल मोजता येते. पण यंत्र मोजते तो दोन बाजूंतील फरक. त्यामागे वेदना आहे की जन्माचीच ठेवण, हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय शर्यतींत शंका आल्यास तीन पशुवैद्य गुप्तपणे मत देतात.

हा निर्णय सोपा नाही. धडधाकट घोड्याला बाद केले, तर स्वाराची कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. लंगड्या घोड्याला पुढे जाऊ दिले, तर लहानशा दुखापतीतून कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून अंतिम रेषेनंतरही तपासणी असते. तिथे लंगडणारा घोडा सर्वांच्या आधी पोहोचलेला असला, तरी तो विजयी ठरत नाही.

माथेरानला किंवा गावच्या जत्रेत घोडा दुडकत जाताना दिसला, तर क्षणभर थांबा. टापांचा ताल ऐका, मानेकडे पाहा. घोडा बोलत नाही खरा, पण पाहणाऱ्याला तो पुष्कळ सांगतो.