ऑर्डर आली, पैसा गेला कुठे?

धंद्यात उतरलेल्या आपल्या एखाद्या तरुणाला विचारा, ‘महिन्याला किती ऑर्डरी येतात?’ तो ताबडतोब खिशातून मोबाईल काढील आणि अभिमानाने आकडा दाखवील. त्यालाच दुसरा प्रश्न विचारा, ‘त्यातून हातात किती उरले?’ इथे मात्र तो घुटमळतो. ‘बँकेत येतात की दर आठवड्याला काहीतरी,’ असे उत्तर मिळते. या ‘काहीतरी’मध्येच आपल्या माणसांचे श्रम वाहून चालले आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यातील चपला करणारा कारागीर असो, धारावीत पाकिटे आणि बॅगा शिवणारा असो किंवा चळवळीची पुस्तके विकणारा एखादा कार्यकर्ता असो, आज हे सारे ऑनलाइन बाजारात माल मांडू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच धाटणीची चप्पल मिलानच्या रॅम्पवर आणली आणि देशभर गदारोळ झाला. चपलेचे नाव जगात झाले, पण ती ज्याने शिवली त्याच्या पदरात काय पडले? पूर्वी पेठेतला व्यापारी उचल देऊन कारागिराला बांधून ठेवत असे. जोडामागे किती द्यायचे ते तोच ठरवी आणि वहीही त्याच्याच गल्ल्यावर असे. आज व्यापाऱ्याच्या जागी संकेतस्थळ आले, पण वही अजूनही दुसऱ्याच्याच हातात आहे! फरक इतकाच की ही वही आता मागितली तर पाहायला मिळते. आपणच ती उघडत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येक संकेतस्थळाचे दर वेगळे असतात आणि ते बदलतही राहतात. समजा, चपलेचा एक जोड ९०० रुपयांना विकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ९०० पैकी सुमारे ४३ रुपये सरकारचे आणि मालाची खरी किंमत ८५७. आता संकेतस्थळाची कापणी पाहा. कमिशन १०८, प्रत्येक ऑर्डरमागचे ठरीव शुल्क ३०, माल पोहोचवण्याचे ८५, मिळून २२३ रुपये. या २२३ वर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४० रुपये. शिवाय टीसीएस आणि टीडीएस. टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला आणि टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. दोन्ही मिळून पाच रुपये धरा. बँकेत येतात ६३२.

आपला माणूस म्हणतो, जोड ४८० रुपयांत तयार होतो, म्हणजे १५२ सुटले. नाही! खोका, पिशवी, चिकटपट्टी यांचे २५ रुपये त्याने धरलेच नाहीत. उलट, नोंदणीकृत विक्रेत्याला संकेतस्थळाच्या शुल्कावरचा ४० रुपये कर स्वतःच्या ४३ रुपयांतून वजा करून मिळतो आणि ते पाच रुपयेही विवरणपत्र भरल्यावर हिशेबात परत येतात, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. बरोबर हिशेब असा : ८५७ मधून २२३ गेले, २५ गेले, ४८० गेले, उरले १२९. हा त्या जोडाचा खरा नफा, आणि तोही जोड परत आला नाही तर.

खरी मेख परतीत आहे. गिऱ्हाईकाने जोड परत केला, तर कमिशन आणि ठरीव शुल्क परत मिळते असे आपण उदारपणे धरू. पण जाण्याचे ८५ रुपये गेले, परत आणण्याचे समजा १२० लागले आणि २५ रुपयांचा खोका फाटला. एका परतीत २३० रुपये बुडाले. दहा ऑर्डरींत दोन परत आल्या, तर आठ जोडांचे १०३२ रुपये मिळून त्यातून ४६० जातात आणि ५७२ उरतात. तीन परत आल्या तर ९०३ मधून ६९० जाऊन २१३ राहतात. आणि चार परत आल्या की? सहा जोडांचा नफा ७७४, बुडाले ९२०. दहा ऑर्डरी पाठवल्या, रात्री जागून खोकी बांधली आणि १४६ रुपये पदरचे घातले. मोबाईलवर मात्र दहा ऑर्डरींचा आकडा तसाच झळकतो. परत आलेल्या जोडाला चिखल लागला असेल, तर त्याचे ४८० रुपये वेगळे.

म्हणून परतीची नोंद कारणासकट झाली पाहिजे. दारात पैसे देण्याची ऑर्डर गिऱ्हाईकाने घेतलीच नाही, हा एक प्रकार. अनेक ठिकाणी त्याचे परतीचे भाडे लावत नाहीत, पण माल दोन-तीन आठवडे वाटेत अडकतो आणि भांडवलही अडकते. घेऊन, घालून पाहून परत केला, हा दुसरा प्रकार. तो महाग पडतो. कारणाच्या रकान्यात वारंवार ‘माप लहान’ असे दिसू लागले तर उपाय आपल्याच हातात आहे. नुसता ‘आठ नंबर’ न लिहिता तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी आणि पाय कागदावर ठेवून कसा मोजायचा, त्याचे चित्र टाकावे. चामड्याची चप्पल आधी घट्ट लागते आणि वापरून सैल होते, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. गुवाहाटीच्या गिऱ्हाईकाला ते कोण सांगणार?

दुसरी जागा वजनाची. इथे तर आपल्या लोकांची सर्रास लूट होते, आणि ती नियमाला धरून होते. कुरिअरवाले काट्यावरचे वजन आणि आकाराचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे भाडे लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायची, की आकाराचे वजन किलोत निघते. ३३ बाय २२ बाय १२ चा खोका घेतला तर ते पावणेदोन किलोच्या घरात जाते. आत माल खोक्यासकट ८५० ग्रॅम! अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतील, तर हा जोड दोन किलोचे भाडे भरत देशभर फिरतो. कोल्हापुरी चपलेला बुटासारखी उंची नसते. दोन चपला उलटसुलट, एकीच्या टाचेशी दुसरीचा अंगठा अशा ठेवल्या आणि ३० बाय १४ बाय ११ चा खोका करून घेतला, तर आकाराचे वजन ९२४ ग्रॅम भरते आणि माल एक किलोच्या टप्प्यात बसतो. बाजारातला तयार खोका दोन रुपये स्वस्त मिळतो म्हणून तो आणणारे आम्ही पाहिले आहेत. याला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात.

एवढे करूनही कुरिअरच्या यंत्राने वजन जास्त दाखवले, म्हणून जादा भाडे कापल्याचे प्रकार घडतात. तक्रार करायला मुदत थोडी असते आणि पुरावा नसेल तर ती फेटाळली जाते. पुरावा कसला? बांधलेला खोका काट्यावर ठेवून, आकडा आणि पत्त्याची चिठ्ठी दोन्ही दिसतील असा फोटो. शेजारी मोजपट्टी लावून आणखी एक. परत आलेले पार्सल फोडताना सलग चित्रीकरण. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे, या कामासाठी तो वापरला तर बिघडले कुठे?

कंपनीच्या गोदामात माल ठेवण्याचा मोहही फार. माल लवकर पोहोचतो, यादीत वर दिसतो हे खरे. पण तिथे जागेचे भाडे, माल काढून बांधण्याचे शुल्क आणि न खपलेला माल परत मागवला तर त्याचेही पैसे. गोदाम परराज्यात असेल तर त्या राज्यात जीएसटीची वेगळी नोंदणी लागते, म्हणजे विवरणपत्रे आणि सल्लागाराची फी आलीच. रोज खपणारा एखादा माल असेल तरच हा रस्ता. महिन्याला चार जोड खपणाऱ्या नक्षीच्या चपला तिथे ठेवणे म्हणजे स्वतःच्या मालाला दुसऱ्याच्या घरात भाड्याने ठेवणे होय.

आता ‘शून्य कमिशन’विषयी. मीशोने २०२१ साली विक्रेत्यांकडून कमिशन घेणार नसल्याचे जाहीर केले, नंतर इतरांनीही कमी किमतीच्या मालावर तशा सवलती आणल्या. कमिशन शून्य झाले म्हणून वाहतूक शून्य होत नाही, परतीही शून्य होत नाहीत. दोन संकेतस्थळांची तुलना करायची तर कमिशनच्या दराची करू नका. त्याच मालाचे, त्याच अंतरावरचे हाती आलेले रुपये शेजारीशेजारी लिहा.

छोट्या विक्रेत्यांसाठी आणखी एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही नावनोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. बेंगळुरूचे किंवा दिल्लीचे गिऱ्हाईक त्याला मिळणार नाही. मात्र जवळच्या अंतराचे भाडे कमी असते. सुरुवात करणाऱ्याने पुणे-मुंबईच्या ऑर्डरींचा हिशेब सहा महिने मांडून मगच पुढे जावे, असे आम्हाला वाटते.

नोंद कशी ठेवावी? संगणक नसला तरी चालेल, दोनशे पानी वही घ्या. एका ऑर्डरीला एक ओळ. तारीख, ऑर्डर क्रमांक, पिनकोड, विक्री किंमत, कमिशन, ठरीव शुल्क, वाहतूक, त्यावरचा कर, बांधणी, येणे रक्कम, प्रत्यक्ष आलेली रक्कम आणि ती आल्याची तारीख. शेवटी परत आली का आणि का, हा रकाना. संकेतस्थळ पैसे एकगठ्ठा पाठवते, त्यात मागच्या आठवड्याच्या परती आणि वजनाची कापणी मिसळलेली असते. म्हणून सेटलमेंटचा तक्ता उतरवून घ्यायचा आणि दर रविवारी वहीतल्या ओळींशी जुळवायचा. तासाभराचे काम आहे. घरातली बारावी शिकलेली मुलगी हे उत्तम करील, फक्त तिला ‘मदत’ म्हणून राबवू नका. हिशेबाचे काम म्हणून तिचा मोबदलाही त्याच वहीत लिहा. ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ १९२३ साली सिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांना पैशाच्या हिशेबाचा कंटाळा शोभत नाही.

पुस्तकवाल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे संकेतस्थळाच्या शुल्कावरचा १८ टक्के कर वजा करून मिळत नाही, तो सरळ अंगावर पडतो. शंभर रुपयांची पुस्तिका घ्या. सगळी शुल्के समजा ६०, त्यावर कर १० रुपये ८० पैसे, छपाई ३५. पाच रुपये ८० पैसे तोटा, पाकीट अजून धरलेच नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तीन पुस्तिकांचा तीनशे रुपयांचा संच केला आणि शुल्क ९५ झाले, तर कर १७, छपाई १०५, आणि ८३ रुपये शिल्लक राहतात. पुस्तिका एकेकटी संकेतस्थळावर ठेवूच नये, हे एवढ्यावरून कळते.

एकट्या पुस्तिकेला टपाल बरे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांचे कंबरडे मोडले. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. सुरू झाली तेव्हाचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल कुठवर पोहोचले ते पाहता येते, मात्र रस्त्याने जात असल्याने वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. नियतकालिके आणि जाहिराती त्यात चालत नाहीत, तेव्हा पाकिटात पुढच्या पुस्तकाचे जाहिरातपत्रक सारू नका, खिडकीवर अडवतील. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्यांनी प्रत्येक पुस्तकाचे पाकिटासह वजन आधीच करून ते किमतीच्या यादीत लिहून ठेवावे. ‘गावी पाठवाल का?’ असे विचारणारा वाचक समोर उभा असतो, त्याला टपालखर्चासकट आकडा तिथल्या तिथे सांगता आला पाहिजे.